सुट्टीचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुट्टी संपवून मुले शाळेत परतली, की पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापुढे एक ठरावीक निबंध येतो : 'मी सुट्टी कशी घालवली?' विषय देणाऱ्या शिक्षकांचा हेतू निर्मळ असतो. परंतु वर्गातील प्रत्येक मुलाला ह्या प्रश्नाचे उत्तर सारख्याच सहजतेने देता येते असे नाही. ज्याच्या घरी महिनाअखेरीस वाण्याची बाकी थकलेली असते, त्याला आपण कोठे गेलो हे सांगण्यापेक्षा का गेलो नाही हे लपवण्याचीच अधिक चिंता असते. मी ज्या घरात वाढलो ते घर असेच होते. म्हणून, हाताशी शिल्लक पैसा नसताना कुटुंबाने सुट्टी कशी साजरी करावी, ह्याविषयी आज आपल्याशी बोलताना मी तज्ज्ञाचा आव आणणार नाही; त्या निबंधापुढे एकेकाळी अडलेला एक विद्यार्थी बोलत आहे, एवढेच आपण समजावे.

महाबळेश्वर आणि माथेरान ही हवा खाण्याची ठिकाणे इंग्रजी अमदानीत वसली. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. परंतु सामान्य माणूस त्या वाटेला क्वचितच गेला, कारण हवा खायला निघण्यापूर्वी घरच्या जेवणाची भ्रांत मिटलेली असावी लागते. त्याच्या प्रवासाला निमित्ते तीन : देव, लग्नकार्य आणि माहेर, आणि आधारही तीनच : शिदोरी, धर्मशाळा आणि नातलग. वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वाट पायी चालत आला. अहिल्याबाई होळकरांनी काशी-गयेसारख्या दूरच्या क्षेत्रांपर्यंत देवळे, घाट आणि धर्मशाळा बांधून यात्रेकरूंची सोय पाहिली. पैशावाचूनही आपल्याकडे माणूस हिंडला, असे आपण अभिमानाने म्हणतो, ते ह्या आधारांच्या जोरावर.

हे खरे आहे; पण अर्धेच खरे आहे. शिदोरीतल्या दशम्या कोणीतरी रात्र जागून भाजलेल्या असतात. धर्मशाळेचे दगड कोणाच्या तरी द्रव्यातून बसलेले असतात. नातलगांच्या घरची चूल कोणीतरी फुंकत असते. पैशाशिवाय होणारी सुट्टी म्हणजे खर्चाशिवाय होणारी सुट्टी नव्हे. खर्च होतोच, तो फक्त आपल्या वहीत न पडता दुसऱ्याच्या वहीत पडतो. ही गोष्ट मला वयाच्या बाराव्या वर्षी कळली, आणि ती कशी कळली हेच मला आज सांगावयाचे आहे.

माझे वडील जबलपूरच्या टपाल कचेरीत कारकून होते. आईवडील आणि आम्ही तीन भावंडे असे पाच माणसांचे आमचे कुटुंब. स्वातंत्र्यानंतर नोकरदाराच्या विश्रांतीची दखल कायदा घेऊ लागला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस ह्या हिशेबाने, भरपगारी रजेचा हक्क दिला. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ साली रजा-प्रवासाची सवलत मिळाली. दोन वर्षांतून एकदा मूळ गावी जाण्यासाठी भाड्याचा काही भार सरकार उचलू लागले. सुरुवातीचे काही अंतर मात्र पदरखर्चाने कापावे लागे. रोजंदारीवर पोट भरणाऱ्याच्या वाट्याला ह्यांपैकी काहीच आले नाही, त्या मानाने आम्ही भाग्यवानच. तरीही, रजा मिळाली आणि थोडे भाडे मिळाले, तरी गाडीतून उतरल्यावर पाच माणसांनी महिनाभर जेवायचे कोठे, हा प्रश्न कोणत्याच नियमावलीत बसणारा नव्हता. त्याचे उत्तर एकच होते : आजोळ.

ज्या वर्षी सवलत नसे, त्या वर्षी आम्ही जबलपुरातच राहत असू. अशाच एका उन्हाळ्यात वडील आम्हांला भेडाघाटला घेऊन गेले. अंतर बारा-तेरा मैलांचे. दोन सायकली शेजाऱ्यांकडून मागून आणल्या होत्या. एक वडिलांची, पुढे दांडीवर धाकटी बहीण आणि मागे मी. दुसरी माझ्या थोरल्या भावाची, तिच्या मागे शिदोरीचे गाठोडे. आई आली नाही. तिला सायकलवर बसणे प्रशस्त वाटले नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. पहाटे चांदण्यात निघालो, तो उन्हे तापण्यापूर्वी धुवाँधार धबधब्यापाशी पोहोचलो. नर्मदेचे सारे पात्र तेथे एका फटीत लोटते आणि पाण्याचा धूर होतो. पुढे संगमरवरी कड्यांमधून नदी संथ वाहते आणि तेथे नावा मिळतात. आम्ही नावेकडे पाहू लागताच वडील म्हणाले, "नावेला पैसे नाहीत. धबधबा फुकट आहे, तो पोटभर पाहून घ्या." इतक्या सरळपणे सांगितल्यामुळे आम्हांला वाईट वाटण्याचे कारणच उरले नाही. पुढच्या आयुष्यात मी त्या नावेत अनेकदा बसलो, पण माझ्या मनातले भेडाघाट अजूनही काठावरूनच पाहिलेले आहे.

हाच सरळपणा वडिलांनी तिकिटाच्या बाबतीतही सोडला नाही. बारा वर्षांखालील मुलाला आगगाडीत अर्धे तिकीट. १९६४ च्या मार्च महिन्यात मला बारावे सरले. मी अंगाने किरकोळ होतो. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अहो, ह्याला बारा कोण म्हणेल? दहाचा वाटतो!" वडिलांनी ऐकले आणि माझे पूर्ण तिकीट काढले. त्याचा परिणाम असा झाला, की त्या वर्षी माझ्या नव्या चपला रद्द झाल्या. आपण एका रात्रीत घराला महाग झालो, ह्याचा मला एकाच वेळी अभिमानही वाटला आणि संकोचही.

त्याच वर्षीची ही हकीकत. वडिलांची रजा १ मेपासून मंजूर झालेली होती. एप्रिलच्या मध्यावर मामाचे कार्ड आले. कुशलप्रश्नानंतर एक ओळ होती : 'या वर्षी आपण तीनेक आठवडे उशिरा आलात तर बरे पडेल.' कारण लिहिले नव्हते. वडील ते कार्ड हातात धरून बराच वेळ उभे राहिले. ज्याच्या खिशात पैसा नसतो, त्याचा मान फार हळवा असतो. "आपण जाऊच नये," ते म्हणाले. आईने काहीच म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने एक आंतर्देशीय पत्र आणवले आणि ते मामाला न लिहिता मामीला लिहिले. माझ्या आठवणीत, मामीच्या नावाने आमच्या घरातून गेलेले ते पहिले पत्र.

मामीचे उत्तर आले, ते चारच ओळींचे. तिचे माहेर देवरुखाकडे. आईला मोतीबिंदू झालेला. आंब्याच्या दिवसांत नातवंडांनी चार दिवस येऊन राहावे, एवढे तिचे मागणे. पण मे महिन्यात जायला कसे मिळणार? माझ्या आईला आणखी दोघी बहिणी होत्या. आम्ही नसू त्या वर्षी मावश्या येत, आम्ही असू त्या वर्षी आम्ही. मामीने राग, तक्रार काहीच लिहिले नव्हते. शेवटी फक्त एक वाक्य होते : 'लग्नानंतरच्या नऊ उन्हाळ्यांत मला जाता आले नाही, म्हणून यांनी तसे कळवले, वन्सं, तुम्ही मनास लावून घेऊ नये.'

आई ते पत्र दोनदा वाचून वडिलांना म्हणाली, "अहो, मी माहेरी जाते म्हणून वहिनींना माहेर नाही, हे माझ्या कधी लक्षातच आले नाही."

रजेची तारीख आता बदलणार नव्हती. तेव्हा आईने ठरवले, की आपण ठरल्या दिवशी जायचे, मामीने मुलांना घेऊन तीन आठवडे देवरुखला जायचे, आणि तोवर आजोळचे घर आईने सांभाळायचे. वडिलांचा मान ह्या योजनेत बसत होता, कारण आता ते पाहुणे म्हणून नव्हे, तर गडी म्हणून जाणार होते.

तो प्रवास नेहमीसारखाच झाला. तिसऱ्या वर्गाचे लाकडी बाक, वळकटी, पत्र्याची ट्रंक, पाण्याची सुरई, आणि आजोळी द्यायला घेतलेली पाच किलो तूरडाळ. इगतपुरीला कोळशाचे इंजिन सुटून विजेचे लागले, की डोळ्यांत कण जाणे थांबे आणि कोकण जवळ आल्यासारखे वाटे. मुंबईत एक रात्र गिरगावातील दूरच्या काकांच्या खोलीत. त्यांची सहा माणसे आणि आम्ही पाच. दुसऱ्या दिवशी एस.टी., महाड, कशेडीचा घाट, चिपळूण, आणि तेथून पुढे पायवाट.

मे महिना हा आम्हां पाहुण्यांचा सुट्टीचा महिना. कोकणातल्या घराचा मात्र तो वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना असतो, हे त्या वर्षी आम्ही प्रथमच पाहिले. पाऊस मृगावर येऊन ठेपायच्या आत चार महिन्यांची बेगमी व्हावी लागते. लाकूडफाटा फोडून रचायचा, कौले उतरवून छप्पर शाकारायचे, पापड, सांडगी मिरच्या, आंबोशी, फणसपोळी वाळवायची, रातांब्याची साले त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात घालायची, म्हणजे आमसुले होतात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत घरात पाच तोंडे वाढत. आजवर आम्ही त्या वाळवणांभोवती धावलो होतो, त्यांतले चोरून खाल्ले होते. ती कोण घालते हे पाहिले नव्हते.

त्या तीन आठवड्यांत वडिलांनी छपरावरच्या माणसाला कौले पोचवली. लेखणी धरून मऊ झालेल्या त्यांच्या हातांना फोड आले, आणि ते फोड ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवीत. थोरला भाऊ आणि मी विहिरीचे पाणी ओढून पोफळींना घालीत असू. धाकटी बहीण आमसुलांवर बसणाऱ्या कावळ्यांची शत्रू झाली. आई दिवसभर स्वयंपाकघरात असे, रात्री पाय पसरून बसली, की म्हणे, "वहिनी हे सगळे करून वर हसत कशी असते, कोण जाणे!"

मामी परतली ती मुलांना घेऊन, आणि हातात एक पुडके घेऊन. त्यात आमच्यासाठी खाऊ होता. यजमानीणच माहेराहून येते आणि पाहुण्यांना खाऊ आणते, असा उलटा प्रकार त्या घरात प्रथमच घडला. ती तडक स्वयंपाकघरात गेली, डबे चुकीच्या फळीवर लागलेले पाहिले, आणि काही न बोलता जमिनीवर बसून आईशी खूप वेळ बोलत राहिली. उरलेले दिवस दोघींनी मिळून काम केले. त्याच पावसाळ्यात मामीची आई वारली. ते कार्ड जबलपूरला आले, तेव्हा माझी आई दिवसभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "निदान ह्या वर्षी गेली होती."

मामाच्या गावची गोडी सांगणारे पुष्कळ साहित्य आपल्याकडे आहे. ग. दि. माडगूळकरांचे आगगाडीचे गाणे आपण सर्वांनी म्हटले आहे. त्यात मामी येते ती सुगरण म्हणून. ते वर्णन खोटे नाही. पण ते पाहुण्या मुलाच्या नजरेतून केलेले आहे, आणि तिला सुट्टी कधी असते, हे पाहुण्या मुलाला सुचत नाही. ते सुचवण्याचे काम मोठ्यांचे आहे.

आज पुष्कळ बदलले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे एखादी मामी थोडक्यात माहेरी जाऊन येऊ शकते. दुसरीकडे, सुट्टीसाठी कर्ज मिळते आणि ते पुढच्या सुट्टीपर्यंत फेडत बसावे लागते. शेजाऱ्यांच्या सहलीची छायाचित्रे ते परतण्यापूर्वीच आपल्या हातातील फोनवर येऊन पोहोचतात, आणि जो निबंध पूर्वी वर्षातून एकदा लिहावा लागे, तो आता घरातील मोठ्या माणसांनाही रोज लिहावा लागतो. अशा वेळी काटकसरीच्या घराने काय करावे?

माझ्या अनुभवातून मला सुचते ते साधे आहे. नावेला पैसे नसतील, तर नाहीत असे मुलांना सांगावे. मुले ते समजतात, आणि धबधबा लक्षपूर्वक पाहतात. ज्याच्या दारी जावे, त्याच्या कामात हात घालावा. पाच किलो डाळीपेक्षा उपसलेले पाणी अधिक पोचते, आणि त्याने कोणाचा मानही दुखावत नाही. जाण्यापूर्वी घरधन्याला नव्हे, तर घरधनिणीला एक पत्र लिहावे. आणि परतल्यावर हिशेब मांडताना, किती रुपये लागले एवढेच न मांडता, ह्या सुट्टीत विश्रांती कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हेही मांडावे. भेडाघाटला आई आली नाही, त्याचे खरे कारण दोन सायकलींवर पाचव्या माणसाला जागा नव्हती हे होते. तो आकडा आमच्या वहीत कोणी मांडला नाही. मीही तो फार उशिरा मांडला.

त्या जुलैत शाळा उघडली आणि निबंध आलाच. एकाने पचमढीवर लिहिले, एकाने आग्र्यावर. मी छप्पर शाकारण्यावर आणि आमसुलांवर लिहिले. वर्गात थोडे हसू झाले. मला दहापैकी सहा गुण मिळाले; ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. पण आपण सुट्टी कशी घालवली, हे त्या वर्षी मी काही न लपवता लिहू शकलो होतो.