वगळलेली कोष्टके



 अध्यक्षाने प्रथेप्रमाणे आढावा घ्यायचा असतो, तो घेतो. १ जून २०११ पासून मोठी विलीनीकरणे स्पर्धा आयोगाच्या परवानगीखाली आली. स्पर्धा कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने दोन हजार कोटींवरचे सौदेही कक्षेत घेतले. विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असला म्हणजे पुरे. निर्णयाची कमाल मुदत २१० दिवसांवरून १५० वर आली. कामे वाढली, फी वाढली, आपले बरे चालले आहे. आढावा संपला.

आता बरीच वर्षे पोटात ठेवलेले बोलतो. पक्षकारांसाठी आपण अर्थतज्ज्ञ आयोगाला देतो त्या अहवालात एक देखणे कोष्टक असते. ते हाती लागेपर्यंत किती मॉडेल चालवली, कोणती फेकली आणि का फेकली, हे आयोगाला कोण सांगते? कोणीच नाही.

सिमेंटचे एक प्रकरण होते. बाजार जितका मोठा दाखवावा तितका पक्षकाराचा वाटा लहान दिसतो, हे इथे कोणाला सांगायला नको. कारखान्यांभोवती वर्तुळे काढली: अडीचशे किलोमीटर, तीनशे, चारशे. तीनशेत वाटा जड जात होता, चारशेत सुटत होता. अहवालात चारशे गेले. तेव्हा अहवालावर माझी सही नसे. मला विदर्भात विक्रेत्यांकडे धाडले होते. गोदामात गोण्यांच्या थप्पीला टेकून एक विक्रेता म्हणाला, “साहेब, किलोमीटर काय मोजता? ज्याचा रेक आमच्या मालधक्क्यावर लागतो, त्याचाच भाव आम्ही बघतो. बाकीच्यांचा माल ट्रकने आणला तर भाड्यातच मेलो.” म्हणजे त्याचा बाजार गोल नव्हताच, रुळांच्या कडेने लांबट होता. मी तीन पानांचे टिपण दिले. शेवटच्या मसुद्यात ते नव्हते. “केसला उपयोगाचे नाही,” एवढेच कारण मिळाले.

बाजाराच्या सीमेचाच वाद सकाळच्या सत्रातही झाला. औषधांचा बाजार मॉलिक्यूलवर मोजावा की उपचारवर्गावर, यावर आवाज चढले. सन-रॅनबॅक्सी विलीनीकरणात आयोग २०१४ साली मॉलिक्यूलपर्यंत उतरला आणि सात उत्पादने विकायला लावली. काहींना ते अती वाटते. त्यांनी तासभर केमिस्टच्या काउंटरशी उभे राहावे, मी राहिलो आहे. चिठ्ठीतला ब्रँड नसला तर दुकानदार फार तर त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे करतो. घटकच बदलायची त्याची छाती नसते. माझ्यापुरता वाद मिटला.

२०११ चे राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रकरण आठवा. चलन डेरिव्हेटिव्हज हा वेगळा बाजार मानायचा का, यावर आयोगाच्या सदस्यांतच दुमत झाले. बहुमताने शेअर बाजाराला साडेपंचावन्न कोटींचा दंड बसला. मतभेद व्हावेत. पण सगळी गणिते समोर ठेवून व्हावेत.

यावर गोपनीयतेचे उत्तर तयार असते. अहो, गोपनीयता पक्षकाराच्या किमतींना हवी. माझ्या फेकलेल्या समीकरणांना कशाला? दुसरे उत्तर वेळ नसल्याचे. कोडची फाइल जोडायला वेळ नाही, आणि आलेखांचे रंग बदलण्यात रात्री जातात! युरोपीय आयोगाने आर्थिक पुरावा कसा द्यावा, डेटा आणि कोड कसा जोडावा, याचे मार्गदर्शन केव्हाच काढले आहे. आपण परिसंवाद घेतो.

तेव्हा ‘चालवलेली व वगळलेली मॉडेल’ असे परिशिष्ट प्रत्येक अहवालाला असावे. नमुन्यासाठी एक समिती नेमू. कोण, कधी, ते कार्यकारिणी बघेल. आयोगाकडे शिष्टमंडळही न्यावे, सवडीने.

या परिशिष्टाशिवाय सही करणार नाही, असे मी अलीकडेच एका पक्षकाराला कळवले. आठवड्यात काम दुसरीकडे गेले. ज्यांच्याकडे गेले ते याच सभागृहात बसले आहेत. त्यांचे अभिनंदन, आणि परिशिष्टाची मी वाट पाहतो आहे.