जिने सोसले, तिनेच शिकविले



दारिद्र्याचे मोजमाप बहुधा उत्पन्नावरून केले जाते. परंतु दारिद्र्य माणसाची आणखी एक हानी करते. आपणापाशी इतरांना देण्याजोगे काहीच नाही, अशी समजूत ते त्याच्या मनात रुजविते. ही समजूत किती खोटी आहे, हे मराठवाड्यातील भगिनींनी भूकंपानंतर दाखवून दिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचा भार अनेकांच्या जिवावर बेतला. पुढे ज्या गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण व्हावयाचे होते, तेथे लोकसहभागासाठी शासनाने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचे साहाय्य घेतले. गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भिंतीत आरपार दगड का बसवावा, माळवदाचा भार का कमी करावा, हे त्या प्रथम स्वतः शिकल्या आणि मग त्यांनी शेजारपाजारी शिकविले. अभियंत्यापुढे जो प्रश्न ओठांवर येत नाही, तो शेजारणीला निःसंकोचपणे विचारता येतो. कारण तिचे घरही तसेच असते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा मराठवाड्यातील या स्त्रिया तेथे गेल्या. मुलूख निराळा, भाषा निराळी; दुःख मात्र ओळखीचे होते. ज्यांनी एकेकाळी मदत स्वीकारली होती, त्याच आता अनुभवाची शिदोरी घेऊन गेल्या होत्या.

आज 'उमेद' अभियानातही हीच रीत रुजली आहे. बचत गटांतील अनुभवी स्त्रिया परगावी जाऊन नवे गट उभे करतात. पशुसखी शेळ्यांची निगा शिकविते, तर कृषिसखी शेतीची माहिती देते.

मात्र परस्पर साहाय्य म्हणजे फुकटचे श्रम नव्हेत. एका दिवसाची मजुरी बुडवून शिकविणाऱ्या स्त्रीच्या वेळेचे मोल झालेच पाहिजे. तसेच, शेजारणीच्या सल्ल्याने भिंत भक्कम होत असली, तरी अनुदान वेळेवर पोचविण्याची जबाबदारी शासनयंत्रणेचीच राहते.

म्हणूनच कोणतीही योजना आखताना 'या गावाला काय हवे आहे?' या प्रश्नाबरोबरच 'या गावाला काय येते?' हा प्रश्नही विचारला जावा. त्याचे उत्तर पुष्कळदा गावातील सर्वांत गरीब घराच्या उंबरठ्यावर मिळेल.