खाडीचा वास आणि खाडीकाठची माणसे
(देवळा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुर्गंधी म्हणजे काय, हे देवळ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडू लागला की त्याचा वास ज्याचा कांदा त्यालाच सोसावा लागतो. तो दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्याची सोय त्याला कोणी करून दिलेली नाही. मुंबईच्या समुद्रकाठी मात्र ही सोय दीडशे वर्षांची जुनी आहे.

१८६० नंतरच्या दशकात आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना शहरातले कत्तलखाने माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्याला नेण्यात आले. वांद्रे तेव्हा शहराबाहेरचे गाव होते. पुढे तेथे बंगले उठले, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि १९७१ साली देवनारचा कत्तलखाना उभा राहिला. देवनारला तर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतच होता. एक घाण सोसणाऱ्यांना दुसरी सोसता येते, असा हा हिशेब!

इतके होऊनही वांद्र्याच्या उंच इमारतींतला वास गेला नाही. ओहोटीला माहीमच्या खाडीचा गाळ उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा दर्प सुटतो. मैल्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला, की उरलेले जंतू गंधकयुक्त वायू सोडतात. त्याचाच हा प्रताप. याचा दोष धारावीच्या माथी मारण्याची रीत आहे. वस्तुतः मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहून खाडीला मिळते. धारावी गाठण्यापूर्वीच साकीनाका-कुर्ल्याची घाण तिच्या पोटात गेलेली असते. शिवाय तिचे मुख अरुंद कोणी केले? समुद्र हटवून जमीन काढणाऱ्यांनी आणि खाजणात भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारणाऱ्यांनी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या भरावाची किंमत प्रथम झोपडीतल्या माणसाने मोजली.

इमारतींचा स्वतःचा मैला कोठे जातो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वरळी आणि वांद्रे येथे तो चाळून, रेती-खडे काढून, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडण्याची व्यवस्था केली गेली. प्रक्रिया म्हणावी अशी ती नव्हेच. सात नव्या मलप्रक्रिया केंद्रांची पायाभरणी २०२३ साली झाली. विहारचे पाणी नळाने मुंबईत आले ते १८६० साली! पाणी आणण्याची घाई आणि घाण निस्तरण्याची दिरंगाई यांत एवढे अंतर आहे.

या पाण्याशी नाशिक जिल्ह्याचा संबंध आहे. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, आणि ऊर्ध्व वैतरणा धरण याच जिल्ह्यात आहे. मुंबईला पाणी नेणाऱ्या वाटांत तानसाची जलवाहिनी आहे. तिच्या सुरक्षिततेसाठी काठच्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, नेऊन ठेवले. तेथील हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच म्हटले होते. कुटुंबे तरीही पाठविली गेली. रहिवासी लढले, धरणे धरून बसले, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. म्हणजे वांद्र्याच्या नाकाला त्रास झाला तर कत्तलखाना हलतो. माहुलच्या फुप्फुसांना त्रास झाला तर कोर्टाची पायरी चढावी लागते. (कोळीवाड्यातल्या वाळत्या बोंबलांचाही वास हल्ली काही नव्या शेजाऱ्यांना खुपतो, बोंबील तेथे आधी होते, ही गोष्ट वेगळी.)

दुर्गंधी नष्ट करणे आणि ती हलविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला फक्त दुबळी वस्ती. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्व वॉर्डांत तळाला असलेला एम-पूर्व वॉर्ड म्हणजेच देवनार-गोवंडीचा भाग. हा योगायोग मानणे कठीण आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथील कचऱ्याला आग लागली, तेव्हा धूर दूरच्या उपनगरांपर्यंत गेला आणि देवनारची बातमी झाली. गोवंडीच्या मुलांचा खोकला त्याआधीही होता.

२०२४ साली राज्य सरकारने याच देवनारच्या कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. धारावीत घर मिळण्यास अपात्र ठरणाऱ्यांची घरे तेथे बांधावयाची आहेत. ज्यांच्यावर खाडीच्या वासाचा आळ होता, त्यांनाच आता कचऱ्याच्या डोंगराखालच्या जमिनीवर वसविण्याचा हा बेत आहे. तो कचरा पूर्ण उचलला जाईल काय, त्याखालची माती आणि पाणी कोण तपासील, आणि तपासणीचा अहवाल तेथे राहावयास जाणाऱ्यांच्या हाती आधी पडेल की नंतर, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी आजच विचारावयास हवेत.