क्लॅपहॅम जंक्शनचं दुकान आणि माझी राहून गेलेली रेकॉर्ड

आज जमलं तर हेडफोन लावूनच ऐका. गाणी मी वाजवणार नाहीये, हक्कांची भानगड असते. पण आजचा भाग ऐकून झाल्यावर तुम्ही स्वतः जाऊन दोन-तीन गाणी शोधाल, आणि ती मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलीत तर अर्धं गाणं हरवेल. रेगेचा जीव बेसमध्ये असतो, आणि मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला बेस झेपत नाही.

बऱ्याच जणांनी विचारलंय, "ताई, सांगलीची मुलगी रेगेच्या नादाला लागली कुठे?" तर त्याचं उत्तर आहे एक दुकान. लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनला, लॅव्हेंडर हिलच्या रस्त्यावर. नाव, डब व्हेंडर.

मी २००८ च्या शेवटी कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले. बॅटरसीमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. दुपारी चारला अंधार पडायचा. ऑफिसात बोलणं फक्त कामाचं, घरी आल्यावर बोलणं फक्त आईशी, तेही कॉलिंग कार्डचे पैसे संपेपर्यंत. शनिवार-रविवार तर तोंडातून शब्द निघायचा नाही.

एका शनिवारी चालत निघाले होते आणि या दुकानाच्या बाहेर पायाखालची फरशी थरथरल्यासारखी वाटली. आतून बेस येत होता. काचेतून बघितलं तर काउंटरला टेकून सगळे पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. मला आत जायचं धाडस झालं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी पाऊस होता, म्हणून गेले. खरं सांगते, पावसाने ढकललं.

आत काय चाललंय ते कळायला मला थोडा वेळ लागला. काउंटरमागचा माणूस जमैकाहून आलेल्या नव्या सात इंची रेकॉर्ड एकेक करून लावायचा. वीस-तीस सेकंद वाजवायचा. ज्याला हवी त्याने नुसती मान हलवायची किंवा बोट वर करायचं. की तो त्या माणसाच्या नावाच्या गठ्ठ्यावर एक रेकॉर्ड ठेवणार आणि पुढची लावणार. भाजी मंडईतला लिलाव बघितलाय का? तसंच, फक्त आरडाओरडा नाही. वीस सेकंदांत ठरवायचं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. चुकीच्या गाण्याला मान हलवली तर शेजारचा काका हळूच हसणार.

मला त्याने विचारलं, काय हवंय? मला नाव माहीत नव्हतं. घराजवळच्या न्हाव्याच्या दुकानावरून जाताना एक बेस ऐकला होता, तेवढंच. मी म्हटलं, नाव नाही माहीत. तो म्हणाला, मग म्हणून दाखव.

विचार करा! भर दुकानात, अनोळखी लोकांसमोर मी "डुम, डुम-डुम" करतेय. माझे कान गरम झाले होते. पण कुणी हसलं नाही. त्याने मागे वळून एक रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. तेच होतं! 'रिअल रॉक'. साउंड डायमेन्शन या बँडने साठच्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये वाजवलेलं.

मग त्याने दुसरी लावली. बेस तोच, गाणं वेगळं, विली विल्यम्सचं 'आर्मागिडियन टाइम'. मग तिसरी. पुन्हा तोच बेस, आणि वरती मिशिगन अँड स्मायली. मी गोंधळले. म्हटलं, ही चोरी नाही का? तेव्हा शेजारच्या काकांनी मला समजावलं. याला रिडिम म्हणतात. बेस आणि ड्रमचं एक जोतं घातलेलं असतं, आणि त्यावर जो येईल तो आपलं घर बांधतो.

आणि मला एकदम आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ आठवलं. एकाच चालीवर चार अभंग होतात, तेव्हा कोण म्हणतं चोरी? उलट चाल ओळखीची असली की लोक लगेच टाळ धरतात. हे मी काकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, बघ, म्हणजे तुला आधीपासूनच माहीत होतं.

त्या दिवशी मी 'रिअल रॉक' विकत घेतली. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता! बरं, जमैकाच्या सात इंचीला मधलं भोक मोठं असतं, त्यात बसवायला वेगळी चकती लागते. तीही नव्हती. चार महिने ती रेकॉर्ड माझ्या खिडकीत नुसती उभी होती. पण शनिवारी कुठे जायचं, हा प्रश्न सुटला.

हळूहळू दुकानाची गोष्ट कळत गेली. जॉन मॅकगिलिव्हरी आणि क्रिस लेन या दोघांनी १९७६ मध्ये क्लॅपहॅम जंक्शनच्या बाजारात एका स्टॉलवर हे सुरू केलं. जमैकाहून पन्नास-साठच्या दशकात आलेली माणसं आणि त्यांची मुलं आसपास राहत होती. त्यांचं संगीत रेडिओवर फारसं लागायचं नाही. त्यामुळे गावाकडे नवीन काय आलंय हे कळायची जागा म्हणजे असं दुकान. पुढे १९८० मध्ये या दोघांनी फॅशन रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं. म्हणजे बाहेरून आलेला माल विकता विकता, लंडनमध्ये वाढलेल्या पोरांची गाणी तेच काढायला लागले.

त्यातलाच एक स्मायली कल्चर. त्याचं 'कॉकनी ट्रान्सलेशन' मला या दुकानात ऐकायला मिळालं. एका बाजूला लंडनची कॉकनी बोली, दुसऱ्या बाजूला जमैकन बोली, आणि हा पठ्ठ्या शब्दाला शब्द लावून दोन्ही शिकवतोय. म्हणजे पुणेरी आणि कोल्हापुरी समोरासमोर ठेवल्यासारखं! ऑफिसात माझ्या उच्चारांवर लोक हसायचे. ते गाणं ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, दोन भाषांच्या मध्ये उभं असणं ही गंमतही असू शकते.

त्याचं दुसरं गाणं 'पोलीस ऑफिसर', १९८४ चं. गाडी चालवणाऱ्या काळ्या मुलाला पोलीस अडवतो, मग हा तोच गायक आहे हे कळल्यावर सही घेऊन सोडून देतो. हसवत हसवत बोचणारं गाणं. ब्रिटनच्या मुख्य चार्टवर ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मला त्याची जुनी रेकॉर्ड हवी होती. काउंटरवाल्याने सांगितलं, आली की ठेवतो. कुठल्या वहीत वगैरे लिहिलं नाही, नुसती मान हलवली.

आता मुद्द्याचं सांगते.

जुलै २०११. एका शनिवारी मी आत शिरले तर तो म्हणाला, तुझी 'पोलीस ऑफिसर' आलीये. घरी धुवून ठेवलीये, पुढच्या शनिवारी आणतो. म्हणजे किती महिने त्याने ते डोक्यात ठेवलं होतं! मी खूश होऊन घरी आले आणि त्याच रात्री लॅपटॉपवर यूट्यूब उघडून ते गाणं लागोपाठ पाच वेळा ऐकलं.

आणि पुढच्या शनिवारी गेलेच नाही. काम होतं असं नाही. कंटाळा आला. वाटलं, गाणं तर ऐकून झालंय, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

६ ऑगस्टला टॉटनहॅममध्ये दंगल सुरू झाली. सोमवारी, ८ तारखेला रात्री ती आमच्या जंक्शनला पोचली. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं आणि मी खोलीचा दिवा बंद करून बसले होते. लॅव्हेंडर हिलवर पार्टीच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं, ते पेटवलं. आगीची झळ डब व्हेंडरलाही बसली. दुसऱ्या दिवशी शेकडो लोक झाडू घेऊन रस्ता साफ करायला जमले. मीही स्वयंपाकघरातला झाडू घेऊन गेले. पोलिसांनी रस्ता अडवला होता, दुकानापर्यंत जाताच आलं नाही. जळक्या प्लास्टिकचा वास तेवढा येत होता.

ते दुकान पुन्हा उघडलं नाही. विक्री ऑनलाइन सुरू राहिली. पण ऑनलाइन "डुम, डुम-डुम" कुणाला म्हणून दाखवणार?

आग कुणी लावली, त्यांचं त्यांच्यापाशी. मला टोचतं ते वेगळं. रेकॉर्डच्या दुकानांची विक्री त्याआधीच घसरत होती, आणि त्या घसरणीत माझे दोन शनिवार आहेत. 'पोलीस ऑफिसर' आजही माझ्या फोनमध्ये आहे, कधीही लावता येतं. पण माझ्यासाठी कुणीतरी आठवणीने बाजूला ठेवलेली, धुवून पुसून ठेवलेली ती एक रेकॉर्ड माझ्याकडे नाही. त्या माणसाला मी साधं "थँक्यू" म्हणायलाही गेले नाही. त्याचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

मी लहान असताना सांगलीत वडील कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणायचे. यादी दिली की दुकानदार म्हणायचा, "शेवटी पाच मिनिटं उरतायत, माझ्या आवडीचं एक टाकू का?" आमच्या घरातली निम्मी आवडती गाणी त्या उरलेल्या पाच मिनिटांतली आहेत. ॲपसुद्धा गाणी सुचवतं, मान्य. छान सुचवतं. पण आपण दोन शनिवार गेलो नाही तर त्याला काही वाटत नाही.

म्हणून आजचं काम सोपं आहे. तुमच्या गावात, गल्लीत असं एखादं दुकान असेल, गाण्यांचं, पुस्तकांचं, रेडिओ दुरुस्तीचं, कसलंही, जिथे तुमच्यासाठी कुणीतरी काहीतरी बाजूला काढून ठेवतं. तिथे या शनिवारी जा. पुढच्या नको, याच.

आणि जाताना वाटेत 'रिअल रॉक' ऐका. हेडफोन लावून!

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.