चिऊच्या हातावरचे काटे

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज त्वचेबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण एका लेकराचा बाप आहे आणि या विषयात मी ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत एवढंच वाटतं.

गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. आम्ही शेगावचे. तेव्हाच्या बातम्या आठवतात ना? आमच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. ओढले की हातात मूठभर यायचे, चार दिवसांत टक्कल. टीव्हीवाले आले, आरोग्य खात्याची पथकं आली, दिल्लीहून आयसीएमआरची टीम आली. सुरुवातीला सगळ्यांचा संशय पाण्यावर. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण ते नंतर. जानेवारीत नुसती भीती होती. नळाचं पाणी तोंडावर मारायचं की नाही, इथपर्यंत.

आणि त्याच आठवड्यात चिऊला अंघोळ घालताना माझ्या हाताला तिचे दंड खरखरीत लागले. चिऊ तेव्हा तीन वर्षांची. दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला, मांड्यांवर आणि थोडे गालांवर बारीक बारीक काटे. पिसं काढलेल्या कोंबडीची कातडी असते ना, डिट्टो तशी. खाज नाही, दुखत नाही, पण हात फिरवला की किसणी.

आई म्हणाली, "पाण्यानंच झालं हे. आता पोरीचे केसही जातीन, पाय तू."

माझं डोकंच बंद पडलं.

आम्ही काय काय चुकीचं केलं

चूक नंबर एक, घासणं. खरखरीत आहे म्हणजे मळ आहे, असं आमचं गणित. डाळीचं पीठ, हळद, साय, वरून खरबरीत कापड आणि खसाखसा घासायचं. कडक पाण्यानं अंघोळ, कारण "कडक पाण्यानं मळ सुटते". चिऊ रडायची. दंड लाल व्हायचे. दुसऱ्या दिवशी काटे तिथेच, उलट आणखी राठ.

चूक नंबर दोन, मलम. एका मेडिकलमध्ये मी फोनवरचा फोटो दाखवला, त्यानं एक ट्यूब दिली. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. दोन दिवसांत गाल एकदम गुळगुळीत! मी घरात हिरो. तीन आठवडे लावलं. बंद केल्यावर चार दिवसांत गाल लालबुंद झाले, आधीपेक्षा जास्त. तेव्हा पहिल्यांदा मी ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकात. रोज लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचणारा माणूस मी, पोरीच्या गालाला काय लावतोय ते वाचलं नव्हतं.

हे जरा नीट ऐका. स्टेरॉइड मलम वाईट नसतं. योग्य आजाराला, योग्य ताकदीचं, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. पण लहान मुलाच्या गालाची कातडी पातळ असते. तिथे आठवडेच्या आठवडे लावलं तर ती आणखी पातळ होते, बंद केलं की लाली उसळते. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मिळतात. त्यामुळे ट्यूब उलटी करा आणि नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला लावू नका.

चूक नंबर तीन मात्र सगळ्यात मोठी. चिऊ अंघोळीच्या वेळी कॉटखाली लपायला लागली. "बाबा, घासू नको ना." हे वाक्य मी आठवडाभर ऐकलं आणि तरी घासत राहिलो. कारण मला काटे घालवायचे होते.

मग कळलं ते काय

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी दोन मिनिटं दंड पाहिले, पायाच्या नडग्या पाहिल्या, कोपरं-गुडघे पाहिले, डोळे पाहिले. मग मला म्हणाल्या, "तुमची बाही वर करा."

मी केली. माझ्या दंडावर तेच काटे! आयुष्यभर होते. कॉलेजात मी उन्हाळ्यातही फुल बाह्यांचे शर्ट घालायचो ते याच्यासाठी, पण याला काही नाव असेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं तर म्हणते, "हो ना, तुलेही लहानपणी असेच होते." आई, हे जानेवारीत सांगायचं ना!

नाव आहे केराटोसिस पिलारिस. आपल्या त्वचेत केराटिन नावाचं प्रथिन असतं. नखं आणि केसही त्याचेच. काही जणांमध्ये हे केराटिन केसाच्या मुळाच्या तोंडाशी साचतं आणि तिथे बारीक बूच बसतं. तो बूच म्हणजे हाताला लागणारा काटा. कधीकधी आत केस गुंडाळी करून बसलेला असतो. मळ नाही, संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. बहुतेक वेळा घराण्यातून येतं. ज्यांची त्वचा मुळात कोरडी, ज्यांना एक्झिमा किंवा दमा असतो, त्यांच्यात जास्त दिसतं. थंडीत वाढतं, पावसाळ्यात कमी होतं, वयात येताना पुन्हा डोकं वर काढतं आणि पुष्कळांचं तिशीपर्यंत आपोआप मावळतं.

कोरडेपणाचं एक कारण मला फार इंटरेस्टिंग वाटलं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट बांधायचा आणि त्यात ओलावा धरून ठेवायचा, हे त्याचं काम. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला की त्वचा माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होते. असा बिघाड असणाऱ्यांमध्ये दंडावरचे काटेही बऱ्याचदा दिसतात. म्हणजे भिंतीच्या विटा ठीक, पण दर्जा भरायचे राहून गेलेत. अशा भिंतीला घासून काय होणार? आणखी पोपडे निघणार.

मग पाण्याचं काय?

हा प्रश्न आमच्याकडे येणारच. पूर्णेच्या काठचा आपला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअरच्या पाण्यात साबण फुटत नाही, बादलीला पांढरे डाग पडतात. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो, तो अंगावर राहतो आणि कोरडी त्वचा आणखी चिडते. पण काटे पाण्यानं येत नाहीत.

मी तर पाणी मऊ करायचं मशीन ऑर्डर करायच्या बेतात होतो, कार्टमध्येच होतं. मग २०११ ची इंग्लंडमधली एक चाचणी वाचली. एक्झिमा असलेली ३३६ मुलं घेतली, अर्ध्यांच्या घरी असं मशीन बसवलं. नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही. तो आजार वेगळा, मान्य. पण माझे पैसे वाचले. त्यापेक्षा साबण बदला, ते स्वस्त पडतं. आपला साधा वडीचा साबण अल्कलीचा असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात, आणि त्वचेचा ५ च्या आसपास. बिनवासाचा, सौम्य, सिंडेट प्रकारचा बार मिळतो, तो घ्या. तोही काखा, जांघा, पाय, जिथे लागतो तिथेच. दंडाला रोज साबण कशाला?

आता आम्ही घरी काय करतो

अंघोळ पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्यानं. कोमट म्हणजे आपल्या कोपराला गरम लागणार नाही इतपत. घासणी, वज्री, लुफा, डाळीचं पीठ, सगळं बंद.

टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. अंग थोडं ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. हीच खरी वेळ, कारण पाणी उडून जायच्या आत त्यावर झाकण बसतं. आम्ही बाथरूमच्या दारातच डबा ठेवलाय.

काय लावायचं? महागडं काही नको. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं घट्ट क्रीम. खोबरेल चालतं. फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. मोहरीचं तेल मात्र कोरड्या, चिडलेल्या त्वचेला नको, ते झोंबतं. ऑलिव्ह ऑइलनंही त्वचेचा वरचा थर सैल पडतो, असं अभ्यासात दिसलंय. आणि तेल लावल्यावर फरशी पुसा. आमच्याकडे आजोबा एकदा घसरता घसरता वाचले.

किती लावायचं? मी आधी वाटाण्याएवढं घ्यायचो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या एका हाताला मोठ्या माणसाच्या बोटाच्या दोन पेरांइतकं, म्हणजे साधारण एक ग्रॅम तरी लागतं, आणि साधं मॉइश्चरायझर सढळ हातानं लावलं तरी चालतं. केस ज्या दिशेनं उगवतात त्याच दिशेनं हात फिरवा. दिवसातून दोनदा. थंडीत आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तिसऱ्यांदा.

युरिया किंवा लॅक्टिक अॅसिडवाली क्रीमं त्या बुचाला मऊ करतात. आम्हाला डॉक्टरांनी काही महिन्यांनी कमी ताकदीचं युरिया सुरू करून दिलं, फक्त दंडांना. चिरलेल्या जागी ते झोंबतं. लहान मुलांना हे आणि सॅलिसिलिक अॅसिड मनानं सुरू करू नका. रील्समध्ये दिसणारे मोठ्यांचे स्क्रब आणि सीरम तर अजिबात नाही.

आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

सगळे काटे म्हणजे केराटोसिस पिलारिस नाहीत. रात्री खाज वाढते आणि घरातल्या इतरांनाही खाजवतंय, तर खरूज असू शकते. मोत्यासारखे चकचकीत फोड, मधे खळगा, तर वेगळा विषाणू. लस येते, पिवळी खपली धरते, ताप आहे, तर थांबू नका.

आणि एक आपल्याकडे विसरू नये असं. कोपरं-गुडघ्यांवर मोठे, टोकदार, राठ काटे असतील तर त्याला बेडकाच्या कातडीवरून फ्रिनोडर्मा म्हणतात. हे कुपोषणातून येतं. त्यात अ जीवनसत्त्व कमी असू शकतं आणि शरीराला लागणारी स्निग्ध आम्लंही. सोबत मूल संध्याकाळी अडखळत असेल, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग असतील, तर लगेच दाखवा. बाईंनी चिऊचे डोळे पाहिले ते याच्यासाठी. लसीकरणाच्या कार्डावर अ जीवनसत्त्वाचे डोस तपासा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ. जास्तीच्या गोळ्या मनानं देऊ नका, ते जीवनसत्त्व अंगात साठतं आणि बाधतं. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई, आंबा, अंडं आणि भाजीत थोडं तेल, हे घरचं औषध.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते. त्यांच्या यादीत त्वचेचे आजार आहेत. सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा.

शेवटचं

काटे गेले का? नाही. कमी झाले, मऊ झाले. डिसेंबरमध्ये पुन्हा वाढतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बरं करायचं नाही, सांभाळायचंय." मला ते पचायला वेळ लागला. आमच्या धंद्यात तिकीट क्लोज करायची सवय असते.

मध्ये एका लग्नात एक मावशी चिऊचा हात धरून म्हणाल्या, "पोरीची जात आहे, आताच काही करा बाप्पा." चिऊनं लगेच बाही खाली ओढली. चार वर्षांच्या पोरीनं. मला माझे फुल बाह्यांचे शर्ट आठवले. मावशींना मी एवढंच म्हणालो, "मावशी, माझ्याही हाताला आहेत, हे पाहा." आणि माझी बाही वर केली. तेव्हापासून मी हाफ शर्ट घालतो.

आता अंघोळीनंतर आमचा नियम आहे. आधी मी तिच्या दंडाला क्रीम लावतो, मग ती माझ्या. ती फार जास्त लावते, अर्धा डबा संपवते. पण कॉटखाली लपत नाही.

तर आज घरी गेलात की तुमच्या घरात पडलेली ती अर्धी वापरलेली ट्यूब काढा आणि मागचं वाचा. एवढं एक काम करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!