उत्तर ठाऊक, जातं कुठंय?

शहरात उखाणा म्हटलं की नवरीनं नवऱ्याचं नाव घेणं. आमच्या भोकरकडं लहानपणी कोड्यालाही उखाणाच म्हणत. दिवेलागण झाली की आजी घाली, 'एकीवर एक दोघी बहिणी. खालची हलत नाही, वरची थांबत नाही. सांगा!' आम्ही ओरडायचो, 'जातं!' शेजारच्या तेलुगू घरातली पोरंही त्यात असत. तेलुगूत कोड्याला पोडुपुकथा म्हणतात. जातं मात्र त्यांच्याही घरी होतंच, म्हणून उत्तर अडत नसे.

परवा हाच उखाणा मी नातीला घातला. ती म्हणाली, 'मिक्सर.' उत्तर सांगितलं, तर विचारते, 'जातं म्हणजे काय?' आता काय सांगावं? उखाणा समजावत बसलं की त्यातली गंमतच जाते. चूक तिची नव्हती. जात्याची वरची तळी मीच मोरीजवळ टाकली होती, कपडे आपटायला.

ती धुतली, खालच्या तळीवर बसवली, नवा खुंटा ठोकला. मूठभर ज्वारी घातली. नातीनं चार फेरे ओढले, भोवती पीठ सांडलेलं पाहिलं आणि म्हणाली, 'आबा, वरची बहीण खाल्लेलं सगळं ओकती की!'

आजीच्या उखाण्यात हे नव्हतं. आता आम्ही तसंच घालतो.