‘थांबा’ म्हणजे किती दिवस?



आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा नातू वर्षाचा झाला तरी आधाराशिवाय बसत नव्हता. तीनदा दवाखान्यात नेलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, “काही मुलं उशिरा शिकतात, थांबा.” घरात मात्र सुनेलाच बोल लागत होते. तिसऱ्या वर्षी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तेव्हा व्यायाम सुरू झाले. आता तो धरून उभा राहतो. पण हातची दोन वर्षं गेली, ही ताईंची खंत काही जात नाही.

डॉक्टर असं का म्हणतात, यावर आम्ही गटात बोललो. काहींना आईला घाबरवायचं नसतं. गर्दीत एका मुलाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. काहींना वाटतं, याला गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग सांगून काय उपयोग? इथंच चुकतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो. त्या वयात व्यायाम, बोलण्याचा सराव, खेळातून शिकवणं जास्त लागू पडतं. मूल पूर्ण बरं होईलच असं नाही. पण आपल्या हातानं जेवणं, हवं-नको सांगता येणं, हे काय थोडं आहे?

म्हणून या खुणा लक्षात ठेवूया. चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांपर्यंत एकटं बसलं नाही, दीड वर्षापर्यंत चाललं नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोललं नाही, हाकेला वळून बघत नाही, किंवा येत होतं तेही विसरलं, तर तपासून घ्यायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. गरज वाटली तर पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. या कार्यक्रमातले उपचार मोफत असतात. पथक कधी येणार, ते अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा.

आणि डॉक्टर “थांबा” म्हणाले, तर भांडायचं नाही, तीन प्रश्न विचारायचे. किती दिवस थांबू? तोवर घरी काय करून घेऊ? तरी फरक पडला नाही, तर कुठं पाठवाल? उत्तरं कागदावर लिहून घ्या.

आम्ही आता ठरवलंय, अशा आईला दवाखान्यात एकटं पाठवायचं नाही. गटातली एक जण सोबत जाते. तुमच्याही गटात हे ठरवा.